विश्लेषण : लेखाशास्त्राचे संशोधन कोणत्या दिशेने चालले आहे, हे संगणक कसे सांगतो? खान्देशला त्याचा उपयोग काय?

हजारो प्रबंध आणि शोधनिबंध एकदम चाळून त्यांतील विषय शोधणारे ‘टेक्स्ट मायनिंग’ हे तंत्र आता वाणिज्य शाखेच्या संशोधनातही वापरले जाते. कोणत्या प्रश्नावर किती लिहिले गेले आणि कोणता प्रश्न कोणी हातातच घेतला नाही, हे त्यातून दिसू शकते. मात्र मराठीतले लेखन यंत्राला वाचता आले नाही, तर पतसंस्था, विकास सोसायट्या आणि केळी-कापसाचा हिशेब या मोजणीत येणारच नाही.

जळगाव किंवा धुळ्यातील एखाद्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेतून पीएच.डी. करू पाहणारी विद्यार्थिनी आहे, असे समजा. विषय साधारण ठरला आहे : ग्रामीण पतसंस्थांचे लेखापरीक्षण. मार्गदर्शक पहिलाच प्रश्न विचारतात, ‘यावर आधी काय काम झाले आहे?’

प्रश्न साधा आहे, पण उत्तर शोधायला बसले की वर्ष निघून जाते. एक प्रबंध साधारण अडीचशे-तीनशे पानांचा असतो. तो नीट वाचून टिपणे काढायला तीन दिवस धरले, तरी शंभर प्रबंधांना तीनशे दिवस लागतात. नियतकालिकांतले लेख त्याहून वेगळे. त्यामुळे बहुतेक जण वीस-पंचवीस संदर्भ वाचतात आणि ‘या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही’ असे एक वाक्य लिहून पुढे जातात. हे वाक्य खरे आहे की नाही, ते कोणी तपासत नाही.

ते तपासण्याचा एक मार्ग म्हणजे टेक्स्ट मायनिंग.

टेक्स्ट मायनिंग म्हणजे नेमके काय?

टेक्स्ट मायनिंग म्हणजे मोठ्या प्रमाणातील लिखित मजकुरातून संगणकाच्या मदतीने नमुने, विषय आणि कल शोधणे. संगणक मजकूर ‘समजून’ घेत नाही. तो शब्द मोजतो, कोणते शब्द कोणत्या शब्दांसोबत येतात ते पाहतो आणि वर्षागणिक त्यात काय बदल झाला ते सांगतो.

जळगावकरांना हे डाळ मिलवरून पटकन कळेल. आधी मालातला खडा-कचरा काढायचा, मग वेगवेगळ्या चाळण्यांतून प्रतवारी करायची. मजकुराचेही तसेच. पहिल्या टप्प्यात ‘आणि’, ‘आहे’, ‘म्हणून’ असे सगळीकडे येणारे शब्द काढून टाकले जातात. दुसऱ्या टप्प्यात ‘बँकेचा’, ‘बँकांना’, ‘बँकांमधील’ ही सगळी रूपे ‘बँक’ या एका मूळ शब्दाखाली आणली जातात. तिसऱ्या टप्प्यात उरलेल्या शब्दांना वजन दिले जाते.

हे वजन देण्याची सर्वाधिक प्रचलित पद्धत ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या विचारावर उभी आहे. जो शब्द सगळ्याच कागदांत येतो, तो कोणत्याही एका कागदाची ओळख सांगत नाही. जो मोजक्या कागदांत येतो, तो ओळख सांगतो.

उदाहरणार्थ, एक हजार प्रबंध घेतले आणि ‘लेखा’ हा शब्द सगळ्या हजारांत आला. एक हजार भागिले एक हजार म्हणजे एक, आणि एकचा लॉगॅरिदम शून्य. म्हणजे त्या शब्दाचे वजन शून्य. ‘केळी’ हा शब्द फक्त दहा प्रबंधांत आला, तर हजार भागिले दहा म्हणजे शंभर, आणि शंभरचा दहाच्या पायावरील लॉगॅरिदम दोन. हे दोन त्या प्रबंधात ‘केळी’ किती वेळा आला त्या संख्येने गुणले की शब्दाचे वजन मिळते. गणित एवढेच आहे.

ढिगातून विषय कसे वेगळे होतात?

शब्दांना वजन मिळाले, पण विषय कसे कळणार? त्यासाठी ‘टॉपिक मॉडेलिंग’ वापरतात. त्यातली सर्वांत गाजलेली पद्धत म्हणजे एलडीए. डेव्हिड ब्लाय, अँड्र्यू एनजी आणि मायकल जॉर्डन या तिघांनी ती २००३ मध्ये मांडली.

तिचे गृहीतक असे : प्रत्येक लेख हा अनेक विषयांचे मिश्रण असतो आणि प्रत्येक विषय हा काही शब्दांचा गट असतो. समजा ‘थकबाकी’, ‘अनुत्पादक’, ‘तरतूद’, ‘वसुली’ हे शब्द अनेक प्रबंधांत पुन्हा पुन्हा एकत्र दिसले, तर संगणक त्यांचा एक गट करतो. ‘जीएसटी’, ‘परतावा’, ‘इनपुट’, ‘विवरणपत्र’ हे एकत्र दिसले तर दुसरा गट. मग तो सांगतो की, अमुक प्रबंधात पहिला विषय साठ टक्के आहे, दुसरा दहा टक्के आहे.

दोन गोष्टी इथे लक्षात ठेवाव्या लागतात. एक, गटाला ‘बुडीत कर्जे’ किंवा ‘अप्रत्यक्ष कर’ असे नाव संगणक देत नाही, ते माणूसच देतो. दोन, एकूण किती गट करायचे हा आकडाही माणूसच ठरवतो. दहा गट सांगितले तर दहा मिळतात, चाळीस सांगितले तर चाळीस.

लेखाशास्त्रात हे कधीपासून सुरू झाले?

आपल्या विषयात कोण कशावर लिहिते आहे याची मोजदाद करण्याची सवय लेखाशास्त्राला जुनी आहे. अमेरिकेतील ‘द अकाउंटिंग रिव्ह्यू’ हे नियतकालिक १९२६ पासून निघते. सुरुवातीची काही दशके हिशेब कसा ठेवावा, नफा कशाला म्हणावे, घसारा कसा धरावा, अशा ‘कसे असावे’ या प्रश्नांवर भर होता. १९६८ मध्ये रे बॉल आणि फिलिप ब्राउन यांचा निबंध आला. कंपनीच्या नफ्याचा आकडा आणि तिच्या शेअरचा भाव यांचा संबंध त्यांनी आकडेवारीने तपासला. त्यानंतर ‘प्रत्यक्षात काय घडते’ हे आकड्यांवरून पाहणाऱ्या संशोधनाचा ओघ वाढत गेला.

हा बदल मोजण्याचा एक प्रयत्न मिक्लोस वासरहेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. लेखांची वर्गवारी तेव्हा माणसांना करावी लागे. एकेक लेख वाचायचा, विषय कोणता, पद्धत कोणती, याची नोंद करायची. २०१४ मध्ये वासरहेली हेच नाव आणखी एका निबंधावर दिसते. या वेळी प्रश्न होता, हीच वर्गवारी संगणकाकडून आपोआप करून घेता येईल का? पहिल्या आणि दुसऱ्या निबंधात २६ वर्षांचे अंतर आहे.

शेजारच्या बँकिंग क्षेत्राचे उदाहरण अधिक स्पष्ट आहे. सर्जिओ मोरो, पाउलो कोर्तेझ आणि पाउलो रिता या पोर्तुगीज संशोधकांनी २००२ ते २०१३ या काळातील २१९ लेख टेक्स्ट मायनिंग आणि एलडीएने तपासले. बँकांतील माहिती-विश्लेषणावरील संशोधनात सर्वाधिक भर कर्जाच्या जोखमीचा अंदाज घेण्यावर होता, असे त्यांना आढळले. त्याखालोखाल दिवाळखोरी आणि फसवणूक ओळखण्याच्या प्रश्नांतही लक्षणीय रस दिसला. हा निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

‘कल’ वाचताना कुठे चूक होते?

पहिली चूक म्हणजे नुसती संख्या पाहणे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. २०१० मध्ये एकूण २०० प्रबंध झाले, त्यातले १० सहकारी संस्थांच्या हिशेबावर होते. २०२० मध्ये एकूण ४०० झाले, त्यातले १२ या विषयावर होते. संख्या १० वरून १२ झाली, म्हणजे रस वाढला असे वाटते. प्रत्यक्षात वाटा पाच टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आला. कल पाहायचा तर वाटाच पाहावा लागतो.

दुसरी चूक म्हणजे वेळेचे अंतर विसरणे. पीएच.डी.ला किमान तीन वर्षे लागतात, बहुतेकांना त्याहून जास्त. सत्यम कंपनीतील हिशेबाचा घोटाळा जानेवारी २००९ मध्ये उघड झाला. नवी भारतीय लेखामानके म्हणजे ‘इंड-एएस’ मोठ्या कंपन्यांना १ एप्रिल २०१६ पासून लागू होऊ लागली. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. लेखापरीक्षकांवर देखरेख करणारे राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण २०१८ मध्ये स्थापन झाले. या प्रत्येक घटनेचा पडसाद प्रबंधांत उमटायला काही वर्षे जाणारच. त्यामुळे जीएसटीवरचे प्रबंध २०१७ मध्ये शोधून ‘कोणी लिहिलेच नाही’ म्हणणे चुकीचे. तसेच, आज एखादा विषय शिखरावर दिसतो तेव्हा त्यावरचा निर्णय होऊन चार-पाच वर्षे उलटलेली असतात.

तिसरी चूक जास्त फसवी आहे. वाणिज्य शाखेच्या प्रबंधात अनेकदा ‘जिल्ह्याची ओळख’ असे एक प्रकरण असते. नद्या, तालुके, पाऊस, पिके, लोकसंख्या. असे बरेच प्रबंध एकत्र चाळले तर संगणक ‘तापी, गिरणा, पांझरा, तालुका, पर्जन्यमान’ असा एक सुबक गट काढून देऊ शकतो. गट खरा आहे, पण तो लेखाशास्त्राचा विषय नाही. ‘गुणोत्तर विश्लेषण म्हणजे काय’ किंवा ‘संशोधन पद्धती’ ही प्रकरणेही जवळपास सारखीच असतात. त्यामुळे पूर्ण प्रबंध यंत्रात ओतण्याआधी कोणती प्रकरणे घ्यायची हे ठरवावे लागते. नाहीतर संशोधनाचा कल सांगण्याऐवजी यंत्र प्रबंधाचा साचाच सांगते.

भारतात हा मजकूर मिळतो कुठे?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांत पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले. या प्रती ‘शोधगंगा’ या संग्रहात जातात. गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ हे केंद्र तो चालवते. देशभरातील विद्यापीठांचे लाखो प्रबंध तिथे मोफत वाचता येतात. विद्यापीठ, विभाग, वर्ष, मार्गदर्शक अशा नोंदीही असतात. कल शोधणाऱ्यासाठी या नोंदी प्रबंधाइतक्याच कामाच्या आहेत.

खान्देशच्या दृष्टीने यात मध्यवर्ती संस्था आहे जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे येतात. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचे नाव मिळाले. म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ या भागातले वाणिज्य संशोधन एकाच छत्राखाली झाले आहे. तुलना करायला याहून सोयीचा संच मिळणे अवघड.

संशोधन चाळण्याआधी ते एका जागी असावे लागते, हे धुळ्याला वेगळे सांगायला नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून जुने दप्तर गोळा केले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे ही मालिका २२ खंडांपर्यंत गेली. ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. जुन्या दप्तरांत पत्रांइतकाच जमाखर्च असतो. राजवाड्यांच्या काळी अडचण कागद हाती लागण्याची होती. आज कागद हाती आहेत, पण यंत्राला ते वाचता येत नाहीत.

मराठी मजकुराची अडचण काय?

इंग्रजी प्रबंधांचे काम तुलनेने सोपे आहे. मराठीत तीन अडथळे येतात.

पहिला फॉन्टचा. युनिकोड रुळण्याआधी मराठी टायपिंग श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये होत असे आणि काही ठिकाणी आजही होते. अशा पीडीएफमध्ये डोळ्यांना ‘बँक’ दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की अगम्य खिचडी मिळते. संगणकाच्या लेखी त्या प्रबंधात ‘बँक’ हा शब्दच नसतो. काही प्रबंध तर पानांचे फोटो काढून चढवलेले असतात. त्यांच्यावर आधी अक्षरओळख म्हणजे ओसीआर चालवावी लागते, आणि जोडाक्षरे व तक्ते आले की तिच्या चुका वाढतात.

दुसरा अडथळा शब्दरूपांचा. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘पतसंस्था’, ‘पतसंस्थेच्या’, ‘पतसंस्थांकडून’, ‘पतसंस्थांमधील’ हे यंत्राला चार वेगळे शब्द वाटतात. त्यातच एकाच गोष्टीला दोन नावे : ताळेबंद आणि बॅलन्सशीट, लेखापरीक्षण आणि ऑडिट, पतसंस्था आणि क्रेडिट सोसायटी. जोड लावून दिली नाही तर एक विषय दोन-तीन ढिगांत वाटला जातो आणि तिन्ही ढीग लहान दिसतात.

तिसरा अडथळा अर्थाचा आहे आणि तो फक्त मराठीचा नाही. टिम लॉघरन आणि बिल मॅकडॉनल्ड यांनी २०११ मध्ये अमेरिकी कंपन्यांच्या वार्षिक अहवालांवर एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. मजकुराचा सूर नकारात्मक आहे का, हे मोजायला तोवर सर्वसाधारण इंग्रजीसाठी केलेला हार्वर्डचा शब्दकोश वापरला जात असे. त्या कोशात ‘नकारात्मक’ ठरवलेल्या शब्दांचा अहवालांत जितक्या वेळा वापर झाला होता, त्यातील जवळपास तीन चतुर्थांश वापर आर्थिक संदर्भात नकारात्मक नव्हताच, असे त्यांनी दाखवले. ‘टॅक्स’, ‘कॉस्ट’, ‘लायबिलिटी’ हे शब्द हिशेबात रोजचेच. त्यांनी मग वित्तीय मजकुरासाठी वेगळ्या शब्दयाद्या केल्या.

मराठीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ शिकलेल्या कोणालाही ‘नावे’ म्हणजे डेबिट आणि ‘जमा’ म्हणजे क्रेडिट हे माहीत असते. पण संगणकासाठी ‘नावे’ म्हणजे माणसांची नावेही असू शकतात आणि ‘जमा’ म्हणजे जमलेली गर्दीही. ‘खाते’ बँकेचे असते तसे पाटबंधाऱ्याचेही. सगळ्यात अवघड ‘येणे’ आणि ‘देणे’. हिशेबात हे दोन कणा असलेले शब्द आहेत, पण बोलीभाषेत ती साधी क्रियापदे आहेत. मराठीसाठी केलेल्या ‘काढून टाकायच्या शब्दां’च्या सर्वसाधारण यादीत ती असतील, तर संस्थेची येणी-देणी पहिल्याच चाळणीत कचऱ्यासोबत बाहेर पडतील.

अडथळे आहेत तसे मार्गही आहेत. मराठी मजकुरासाठी तयार केलेली साधने आता उपलब्ध आहेत. पुण्यातील ‘एल३क्यूब’ या गटाने २०२२ मध्ये मराठी मजकुराचा मोठा संच आणि त्यावर शिकवलेली ‘महाबर्ट’सारखी मॉडेल खुली केली. शब्द कोणत्या संदर्भात आला हे अशी मॉडेल पाहतात. त्यामुळे ‘नावे’चे दोन अर्थ वेगळे करण्याची शक्यता वाढते. मात्र लेखाशास्त्राचा मराठी शब्दसंग्रह त्यांना कोणीतरी पुरवावा लागेल. ते काम संगणकतज्ज्ञाचे एकट्याचे नाही. त्यासाठी वाणिज्यचा प्राध्यापक किंवा सनदी लेखापाल शेजारी बसावा लागेल.

खान्देशातल्या ठेवीदाराला याचे काय?

इथपर्यंतचे सगळे विद्यापीठाच्या आवारातले वाटू शकते. पण पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींच्या बातम्या या भागाला नव्या नाहीत. बँकेतील, अगदी सहकारी बँकेतीलही, ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. म्हणजे तिथे ठेवीदाराचे खरे संरक्षण एकच : हिशेब खरा असणे आणि तो वेळेवर तपासला जाणे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ नुसार सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण होते, संस्थेला वर्ग मिळतो आणि कलम ८२ नुसार संस्थेने दोषदुरुस्ती करायची असते. मग संशोधनाचा प्रश्न असा उभा राहतो : संस्था अडचणीत येण्याआधीच्या लेखापरीक्षण अहवालांत इशारे होते का? तेच दोष वर्षानुवर्षे त्याच शब्दांत लिहिले जात होते का? अशा प्रश्नांवर किती प्रबंध आहेत आणि ‘गुणोत्तर विश्लेषणावरून कामगिरीचा अभ्यास’ या साच्यातले किती, हे टेक्स्ट मायनिंग मोजून दाखवू शकते.

दुसरा प्रश्न विकास सोसायट्यांचा. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. गावातल्या सोसायटीचा हिशेब हाताने लिहिलेल्या वहीतून समान सॉफ्टवेअरमध्ये जाणे हा लेखापद्धतीतला मोठा बदल आहे. वही ते संगणक या प्रवासात जुन्या चुका दुरुस्त झाल्या की तशाच पुढे गेल्या, हे गावपातळीवर जाऊनच कळेल. ते करायला धुळे-जळगावच्या संशोधकाइतका जवळचा कोणी नाही.

तिसरा शेतीच्या हिशेबाचा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर-यावलचा केळी उत्पादक किंवा धुळ्याचा कापूस उत्पादक स्वतःचा उत्पादन खर्च कसा मांडतो, घरच्या माणसांची मजुरी धरतो का, ठिबक संचाचा घसारा धरतो का, हे परिव्यय लेखांकनाचेच प्रश्न आहेत. जागतिक नियतकालिकांतला कल पाहून विषय निवडला, तर हे प्रश्न कधीच वर येणार नाहीत. कारण तिथला मजकूर प्रामुख्याने शेअर बाजारातल्या कंपन्यांचा आहे. सेबीने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. तो मजकूर इंग्रजीत आणि एकसारख्या साच्यात मिळतो, म्हणून त्यावर यंत्र चालवणे सोपे आहे. जिथे यंत्र चालवणे सोपे, तिकडे संशोधक जास्त वळतात. यात नवा कल तयार होतो, पण तो गरजेमुळे नव्हे, सोयीमुळे.

या तंत्राची सर्वांत मोठी मर्यादाही हीच आहे. ते लिहिलेले मोजते. जे लिहिलेच गेले नाही, किंवा लिहिले गेले पण वाचता येण्याजोगे साठवले गेले नाही, ते त्याच्यासाठी अस्तित्वातच नसते. रिकामी जागा ओळखायला मोजणीच्या तक्त्याशेजारी गावातल्या प्रश्नांची यादी ठेवावी लागते. ती यादी यंत्राकडे नसते, ती इथल्या माणसांकडे असते.

सुरुवात कशी करता येईल?

त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. साधा लॅपटॉप आणि पायथन किंवा आर ही मोफत साधने पुरतात. पहिल्या पायरीवर पूर्ण प्रबंध घ्यायचीही गरज नाही. शोधगंगेवरील वाणिज्य शाखेच्या प्रबंधांची शीर्षके, वर्षे आणि विद्यापीठे यांचा तक्ता केला, तरी बरेच काही दिसते. शीर्षक छोटे असते आणि त्यात नद्या-तालुक्यांची भर नसते.

दुसऱ्या पायरीवर सारांश आणि निष्कर्षाची प्रकरणे घ्यावीत. समानार्थी शब्दांची जोडयादी आधी करावी. ‘येणे-देणे’, ‘नावे-जमा’ यांसाठी वेगळा नियम ठेवावा. गटांची संख्या दहा, वीस, तीस अशी बदलून पाहावी. आकडा बदलला की निष्कर्षही बदलत असेल, तर तो निष्कर्ष कच्चा समजावा.

तिसरी पायरी टाळता येत नाही. प्रत्येक गटातले निदान दहा प्रबंध स्वतः वाचावे लागतात. यंत्राने काढलेला ढीग खरोखर त्या विषयाचा आहे का, हे वाचल्याशिवाय कळत नाही. तीनशे दिवसांचे वाचन यामुळे शून्यावर येत नाही. कोणते वाचायचे, हे मात्र आधी कळते.

विद्यापीठांच्या पातळीवर करण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तिला जवळपास खर्च नाही. प्रबंधाच्या पीडीएफसोबत युनिकोडमधील साधी मजकूर-फाइलही मागून घ्यावी आणि मराठी प्रबंधाचा सारांश युनिकोडमध्येच स्वीकारावा. जुन्या फॉन्टमधील मजकुरासाठी रूपांतर करणारी साधने आहेत. आधी झालेल्या प्रबंधांचे काम टप्प्याटप्प्याने विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून करता येईल.

एवढे झाले, तर पुढच्या वेळी मार्गदर्शकांनी ‘यावर आधी काय काम झाले आहे?’ असे विचारल्यावर जळगाव-धुळ्याची विद्यार्थिनी एक तक्ता पुढे ठेवू शकेल. कोणत्या वर्षी कोणत्या विषयाचा किती वाटा होता, हे त्यात असेल. ज्या रकान्यात काहीच नाही, तो बहुधा तिच्या प्रबंधाचा विषय असेल.